शमीमच्या खोलीतला दुपारचा पाहुणा

भातलावणीच्या दिवसांत मार्गासनीत कुणाचा फोन लागला, तर तो योगायोग समजावा. एकतर रेंज नसते, आणि रेंज असली तर हात चिखलात असतात. निवृत्त झाल्यापासून दरवर्षी मी लावणीला माहेरी जाते. काम माझ्याकडून फारसं होत नाही. बांधावर बसून मी शहाणपण शिकवते असं वहिनीचं म्हणणं आहे आणि ते खोटं नाही. त्या दिवशी मात्र मी खाचरात उतरले होते. फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून भावाच्या खिशात होता. तो वाजला. भावाने उचलला, "व्हय... व्हय..." असं म्हणाला आणि माझ्याकडे न बघता बोलला, "ताई, हातपाय धू. भोरला जायाचंय." कोण, काय, मी विचारलं नाही. मी वर पाहिलं. भर दुपार, पण आभाळ असं गच्च भरलेलं की सूर्य नेमका कुठं आहे तेसुद्धा कळेना. आणि मला आधी रडू आलं नाही. विचार आला, आजची खूण राहिली.

ही खूण कसली, ते पुढं सांगते. आधी शमीम. आम्ही दोघी एकाच वेळी मास्तरणी झालो. नोकरीची पहिली वर्षं राजगडाखाली पालीच्या शाळेत काढली, मग दोघींची भोरला बदली झाली. मी मराठी शिकवायची, ती भूगोल. मी बोलघेवडी, ती मोजकं बोलणारी, पण जे बोलेल ते असं की समोरच्याने दिवसभर चघळत बसावं. लग्न तिने केलं नाही. भोरमध्ये तिची म्हातारी आई, जिला सगळी गल्ली अम्मा म्हणते, धाकटा भाऊ हनीफ आणि त्याची बायको रेहाना, एवढं घर. हनीफचं सारोळ्याला नीरेच्या पुलाजवळ टायरचं दुकान आहे, रेहाना अंगणवाडीत जाते. शमीमला पोटाचा आजार असल्याचं हिवाळ्यात कळलं, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की पावसाळा निघेलच असं नाही.

नसरापूरला एसटी बदलून मी भोरला पोचले तेव्हा माती होऊन गेली होती, पुरुष कबरस्तानातून परत आले होते. रात्री मी माझ्या घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा तिच्याकडे येऊन बसले. पाऊस पत्र्यावर नुसता कोसळत होता. दुपारी बाहेरच्या खोलीत गल्लीतल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, कुणी हळू आवाजात कुराण पढत होतं. तेवढ्यात आतल्या कपाटात शमीमचा मोबाईल वाजला. फोन नव्हता तो, गजर होता. रोज दुपारी एकाच वेळी वाजणारा तिचा गजर. पढणारीचा आवाज थांबला. सगळ्या बायका कपाटाच्या दाराकडे बघत राहिल्या आणि एकीनेही उठून तो बंद केला नाही... गेलेल्या माणसाला कुणीतरी हाक मारतंय आणि मधे आपण कसं बोलायचं, असं काहीसं वाटलं असावं. शेवटी अम्मा उठल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. भिंत चाचपत त्या कपाटाशी गेल्या, फोन घेतला आणि मागच्या खोलीत निघून गेल्या. लेकीचा फोन उराशी धरून रडतील, रडू दे, असं म्हणून आम्ही त्यांना एकटं सोडलं.

मी भुताखेतांची बाई नाही. पण आमच्या भागात रात्रीपेक्षा दुपारचीच भीती जास्त घालतात. भर बाराला विहिरीवर जाऊ नये, चिंचेखाली थांबू नये, हाक आली तर लगेच ओ देऊ नये. पालीला असताना मी हे सगळं इमानाने पाळायची आणि शमीम मला छळायची. "सुमे, आपलं घड्याळ लावलंय अलाहाबादकडच्या सूर्यावर. इथं तो डोक्यावर यायला साडेबारा उलटून जातात. तुझी भुतं भोरच्या वेळेने येतात की अलाहाबादच्या?" तिला हे तिच्या वडिलांनी शिकवलेलं. लहानपणी अंगणात काठी रोवून ते दाखवायचे, की सावली आखडत आखडत जाते, क्षणभर थबकते आणि पुन्हा लांबायला लागते. लांबायला लागली की जोहरच्या नमाजाची वेळ झाली. त्या थबकण्याच्या क्षणाचं तिला वेड लागलं ते कायमचं.

पालीचीच एक दुपार. मे महिन्याची सुट्टी होती, तरी तिने गावातली पोरं मैदानात गोळा केली होती. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य अगदी माथ्यावर येतो, त्यातला दुसरा दिवस ढगांत जातो, म्हणून हा मे महिन्यातला सोडायचा नाही असा तिचा नियम. ती मैदानाच्या मधोमध ताठ उभी राहिली आणि बघता बघता तिची सावली पायांखाली शिरून नाहीशी झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेजारची सोनाबाई नावाची म्हातारी कडेला उभी होती. ती तरातरा आली, शमीमचं मनगट धरलं आणि म्हणाली, "बाई, आत व्हा. बिनसावलीचा मानूस आपला नस्तो." शमीम हसली. "मग कुणाचा असतो, मावशी?" म्हातारी तिला ओढत वळचणीला घेऊन गेली. मीही हसले, पण त्याआधी एक क्षण मी तिच्याकडे नीट पाहिलं होतं. मोकळ्या मैदानात, लख्ख उन्हात एक बाई उभी आहे आणि ती जमिनीला कुठं टेकलेलीच नाही, असं दिसत होतं.

आता ती खोली. भोरच्या घरामागे त्यांची भाताची खोली आहे. खिडकी नाही, वर पत्रा, पूर्वी पोती रचायचे. पोती गेली आणि शमीमने पत्र्याला खिळ्याने एक भोक पाडलं. दार लावून घेतलं की आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार, आणि जमिनीवर लिंबाएवढं गोल, पांढरं ऊन. भोक चौकोनी पाडा नाहीतर वेडंवाकडं, ऊन गोलच पडणार, कारण ते भोकाचं रूप नव्हे, खुद्द सूर्याचं. ग्रहण होतं तेव्हा ह्या गोलाचा लचका तुटलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. ढग आला तर तो गोलावरून सरकताना दिसतो. आणि गोल स्वतः कधीच जागेवर थांबत नाही. नीट टक लावून बघितलं तर तो सरकताना दिसतो, आपल्या रुंदीएवढं अंतर दोनेक मिनिटांत कापतो.

शाळेतल्या मुलींना ती इथं आणायची, गोलाभोवती बसवायची आणि दार लावायची. मग अंधारात तिचा आवाज यायचा. "बघा, ऊन सरकतंय ना? ते सरकत नाहीये. ते आहे तिथंच आहे. सरकतोय आपण. ही जमीन, ही खोली, नीरा नदी, राजगड, सगळं मिळून चाललोय." मुली आधी खुदुखुदु हसायच्या, मग एकमेकींचे हात धरायच्या. एकदा एक मुलगी रडायलाच लागली. तिने दोन्ही हातांनी जमीन घट्ट धरली होती आणि म्हणत होती, "बाई, मला खाली उतरवा... मला खाली उतरवा." दार उघडल्यावर सगळ्या तिला हसल्या. शमीम हसली नाही. मला नंतर म्हणाली, "एवढ्या वर्षांत तिला एकटीला कळलं बघ." त्या संध्याकाळी मी घरी जाताना पाय जरा जपूनच टाकत होते, हे मी तिला सांगितलं नाही.

रोज घड्याळात ठरलेली वेळ झाली की शमीम त्या उन्हाच्या मधोमध पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका ठेवायची. ह्या ठिपक्याला ती खूण म्हणायची आणि उन्हाला म्हणायची पाहुणा. शाळेच्या दिवशी मधल्या सुट्टीत घरी धावायची; घर शाळेच्या मागेच होतं. वेळ रोज तीच, तरी पाहुणा रोज त्याच जागी बसत नाही. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा ऊन लांब उत्तरेच्या भिंतीकडे पडतं. उन्हाळ्यात तो माथ्यावर येतो, तेव्हा जवळजवळ भोकाच्या खाली. पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून हे होतं, एवढं आपण सगळेच शिकलोय. पण ठिपक्यांची सरळ रेघ होत नाही. ते थोडे डावी-उजवीकडेही जातात, कारण पृथ्वी सूर्याभोवती एका चालीने चालत नाही. जानेवारीत ती सूर्याच्या जरा जवळ असते तेव्हा भरभर पाय उचलते, जुलैत लांब असते तेव्हा रेंगाळते, आणि त्यात अंगाने तिरकी. घड्याळ बिचारं एका चालीचं. ह्या दोघांचं जमत नाही, आणि त्या न जमण्यातून वर्षभरात जमिनीवर इंग्रजी आठचा आकडा उमटतो. एक पोट मोठं, थंडीचं, एक लहान, उन्हाळ्या-पावसाळ्याचं, मधे गाठ. त्या गाठीवर ऊन वर्षातून दोनदा येतं, एकदा एप्रिलच्या मध्याला आणि एकदा ऑगस्टच्या अखेरीस.

हे सगळं पुस्तकात. भोरच्या जमिनीवर मात्र तिचा आठ कधीच पुरा झाला नाही, कारण आमच्याकडचा पाऊस. पावसाळ्याच्या तोंडावर सगळी गल्ली पत्र्यांची भोकं डांबराने बुजवते. हनीफही शिडी लावून वर चढायचा आणि तिच्या भोकावर डांबर थापायचा. भाद्रपदात उघडीप मिळाली की तो ते खरवडून द्यायचा. बहीणभावांचा हा दरवर्षीचा कार्यक्रम. त्यामुळे लहान पोटाची एक बाजू कोरीच राहायची आणि गाठीवर परत आलेलं ऊन तिने कधी पाहिलं नव्हतं. मी चिडवायची, "आठ कसला, पाय मोडलेला विंचू आहे तुझा." ती म्हणायची, "असू दे. घाई कुणाला आहे?"

ह्या वर्षी घाई झाली. एप्रिलमध्ये ती खुर्चीत बसूनच खूण ठेवायला लागली, म्हणजे मी काडी रंगात बुडवून द्यायची आणि ती वाकून टेकवायची. गाठीचा ठिपका तिने स्वतः, जमिनीवर बसून ठेवला. रंग चांगला जाडसर लावला. मग दार उघडू नको म्हणाली. पाहुणा ठिपक्यावरून सरकून पुढं गेला तरी आम्ही दोघी बसून होतो. "हनीफला सांगून भोकावर काच बसवून घेतेय," ती म्हणाली. "आता डांबर नाही. पावसात जेव्हा जेव्हा उघडीप मिळेल तेव्हा खूण ठेवायची. ऑगस्टच्या शेवटी ऊन फिरून बरोबर इथंच येईल. मी नसेन. तू बघशील?"

मी म्हटलं, "गप बस, काहीतरीच बोलू नकोस."

"सुमे, आयुष्यभर पोरींना सांगितलं की ऊन फिरून त्याच जागी येतं. मी ते एकदाही पाहिलेलं नाही. कुणीतरी एकदा बघायला हवं गं."

अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि बरंच झालं, कारण माझाही दिसत नव्हता. मी हो म्हटलं. त्या एका शब्दाला पुढं इतकं काही चिकटेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

ती गेली, लावणी संपली, मी भोरला परत आले. आमच्यात तेराव्याला सगळं आवरतं, त्यांच्यात चाळिसाव्यापर्यंत घर मोकळं होत नाही. गेलेल्याची रूह तोवर घरात येऊन-जाऊन असते असं अम्मा आणि त्यांच्या पिढीतले लोक मानतात. श्रावण लागल्यावर एका सकाळी हनीफ माझ्या दारात उभा राहिला. चहा घेतला नाही, खुर्चीच्या कडेला बसला. दिवसभर ट्रकची टायरं उचलणारा धिप्पाड गडी, पण बोलला ते अगदी कुजबुजत.

"ताई, खुणा फुडं चालल्यात."

"कसल्या खुणा?"

"आपाच्या. त्या खोलीतल्या. आपा गेली तवा जितं थांबल्या व्हत्या, त्याच्या फुडं आता नव्या हायत. म्या काल दार उघडून बॅटरी मारली. पावसात मदीमदी ऊन पडतंय ना, तशा मदीमदी सोडून सोडून." त्याने मागं वळून दाराकडे पाहिलं. "खोलीत कुनी जात न्हाई, ताई. म्या जात न्हाई, रेहाना तर त्या दाराकडं बगतबी न्हाई. अम्माला हातावरची भाकर दिसत न्हाई. मंग ठेवतंय कोन?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि तो काही लवकर गेला नाही. हनीफचं म्हणणं सरळ होतं. बहिणीच्या जिवाला त्या खोलीत आराम नाही. चाळिसाव्याच्या आधी जमीन खणून काढायची, वर फरशी टाकायची, भोकावर कायमचं डांबर. गवंड्याला त्याने सांगूनही ठेवलं होतं. "तिला सुटू दे, ताई. म्या भाऊ हाय तिचा, मला बगवत न्हाई." त्याचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण गाठीचा दिवस चाळिसाव्याच्या नंतर येत होता. जमीन खणली की शमीमचा आठ संपला, तिने उभ्या जन्मात एवढी एकच गोष्ट मागितली होती ती संपली, आणि मी दिलेला हो हवेत राहिला. मी म्हटलं, "आधी मला एकदा बघू दे. मग तुला काय करायचं ते कर."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. हनीफ सारोळ्याला, रेहाना अंगणवाडीत, अम्मा जेवून पडल्या असतील म्हणून मी हाक मारली नाही. मागच्या खोलीच्या दारावर तुळशीएवढ्या उंचीपर्यंत शेवाळ चढलं होतं. कडी काढून आत शिरले, दार लावलं. अंधार. भाताच्या जुनाट कोंड्याचा वास, आणि ऑइलपेंटचा. मोबाईलची बॅटरी लावून जमीन पाहिली. पिवळ्या ठिपक्यांची ओळ एका जागी संपली होती आणि तिच्यापुढं, हनीफ म्हणाला तशा, थोडं थोडं अंतर सोडून खुणा होत्या. वेड्यावाकड्या नव्हेत. ज्या वळणाने आठच्या लहान पोटाने वळायला हवं, त्याच वळणाने त्या गाठीकडे निघाल्या होत्या. मला पालीच्या मैदानातली सोनाबाई आठवली. बॅटरी विझवली, कोपऱ्यातल्या शमीमच्या खुर्चीत बसले आणि देवाचं नाव घ्यावं की तिचं, हे ठरवत राहिले.

घरात कुठंतरी गजर वाजला.

तिचाच. मग सपातांचा आवाज, फरफटत, अगदी सावकाश. कडी वाजली. दार जरा उघडलं, पुन्हा लागलं, आणि अंधारात एक निळसर उजेड आत आला. त्या उजेडात खालून उजळलेला एक चेहरा होता आणि तो थेट माझ्या दिशेने बघत होता. चेहरा खाली बसला. मोबाईलचा उजेड विझला.

"आली का गं?" अंधारातून आवाज आला. "बस. आज ऊन हाय."

वर ढग सरला असावा, जमिनीवर पाहुणा उमटला, आणि त्याच्या कडेला मला एक सुरकुतलेला हात दिसला. त्या हातात पानाच्या चुन्याची डबी होती. मोबाईल दुसऱ्यांदा वाजला, तसं बोट चुन्यात बुडालं आणि उन्हाच्या मधोमध टेकलं. हात माघारी गेला तेव्हा तिथं पांढरी खूण होती. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की नव्या खुणा पिवळ्या नव्हत्याच. मी श्वास सोडला, आणि तो अम्मांना ऐकू गेला.

"कोन हाय तितं? शमे?"

"मी, अम्मा... सुमन."

त्या दचकल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आगं मंग दार नीट लाव. फटीतनं उजेड येतोय, ह्यो पळून जाईल."

मी दार दाबून लावलं आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. मी विचारायच्या आधी त्याच बोलल्या. "उजेडात मला समदं धुरकट दिसतंय बग. मानूसबी न्हाई वळखू येत. हितं अंधारात त्येवढा ह्यो गोल दिसतो. लेक बसवून घ्यायची मला शेजारी. म्हनायची, अम्मा, म्या नसले तरी ह्यो येनारच. त्याला काय ठावं, घरात कोन हाय न् कोन न्हाई. म्या म्हनलं, आल्या पाव्हन्याला कुनी बगाया नको व्हय?" पहिला गजर झाला की खोलीत यायचं, दुसरा झाला की खूण ठेवायची, हे त्यांना वर्षानुवर्षं पाठ होतं. रंगाचा डबा सापडेना म्हणून चुना. फोनला चार्जिंग लावणं एवढं त्यांना येत होतं, तेवढं त्या करत होत्या. हे सगळं त्या इतक्या साधेपणाने सांगत होत्या की माझी मलाच लाज वाटली. पण एक सांगते, काटा गेला नव्हता. "आली का गं?" हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. आणि त्यांच्या आवाजात, आलीय ह्याविषयी काही शंका नव्हती.

हनीफला मी त्याच्या दुकानावर जाऊन सांगितलं. महामार्गावरून ट्रक धडाडत जात होते, मला दोनदा सांगावं लागलं. तो हातातली पहार टाकून टायरांच्या चवडीवर बसला आणि ग्रीसच्या हातांनीच तोंड झाकून रडला. "दिसत न्हाई म्हनून आमी अम्माला विचारलंच न्हाई, ताई." गवंडी आला नाही. चाळिसावा झाला, फातेहा झाली, बिर्याणीचं ताट माझ्या घरीही आलं. रूह असलीच तर त्या दिवशी घर सोडून गेली, असं मौलवी म्हणाले.

गाठीचा दिवस त्याच्यानंतर काही दिवसांनी आला. सकाळपासून पाऊस. मी देवाला कधी पाऊस थांबव असं म्हटलेलं नाही, शेतकऱ्याच्या घरात ते पाप समजतात. त्या दिवशी म्हटलं. हनीफने दुकान बंद ठेवलं होतं, रेहानाही घरी होती. कपाटात पहिला गजर वाजला तसे आम्ही चौघं मागच्या खोलीत जाऊन बसलो आणि दार लावलं. पत्र्यावर पावसाचा आवाज बारीक झाला, थेंबाथेंबावर आला, थांबला. अंधारात चौघांचे श्वास ऐकू येत होते... खरं सांगायचं तर मी ते मोजायचं टाळत होते. कोपऱ्यातली तिची खुर्ची आम्ही कुणीच घेतली नव्हती आणि तिकडे कुणी बघतही नव्हतं.

मग जमिनीवर पहिल्यांदा काहीतरी राखाडी हललं. ढग सरला. पाहुणा आला, गोल, पांढरा, आणि आपल्या चालीने सरकायला लागला. की आम्ही सरकायला लागलो. मला त्या रडणाऱ्या मुलीसारखी जमीन दोन्ही हातांनी धरावीशी वाटली. अम्मांच्या हातातला मोबाईल पुन्हा वाजला, त्यांनी चुन्याची डबी उघडली, बोट बुडवलं आणि उन्हाच्या मधोमध टेकवलं. आणि ते उचललंच नाही. बोट जमिनीवर फिरत राहिलं, काहीतरी चाचपत. एप्रिलमध्ये शमीमने जाडसर ठेवलेला रंगाचा ठिपका होता तो. ऊन बरोब्बर त्याच्यावर होतं. मी हो म्हटलं होतं, आणि मी बघत होते.

"काय झालं, अम्मा?" हनीफने दबक्या आवाजात विचारलं.

अम्मांनी बोट उचललं आणि चुना पदराला पुसला.

"म्या काय ठेवू? हितं ती आदीच येऊन गेलीया."

पाहुणा ठिपक्यावरून हळूहळू सरकला, भिंतीकडे निघाला. बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला तसा तो फिकट होऊन विझला. अम्मांच्या मांडीवर मोबाईल अजून वाजतच होता आणि त्याच्या काचेवर शमीमने कधीतरी लिहून ठेवलेले शब्द उजळत होते, 'चल, पाहुणा आला.' तो गजर आजही रोज दुपारी वाजतो. त्या घरात तो कुणी बंद करत नाही, आणि मी तिथं असले तर मीही करत नाही.